ऑस्कर फॉन सिदोव : संधिकाळातील पंतप्रधान

स्वीडनच्या संसदेने १९१९ साली स्त्री-पुरुषांना समान मताधिकार देण्याचे मान्य केले. परंतु त्या देशात राज्यघटना बदलावयाची, तर त्याच ठरावाला मधल्या निवडणुकीनंतरच्या संसदेचीही संमती लागते. त्यामुळे १९२० ची निवडणूक जुन्याच नियमांनुसार झाली. तीत कोणालाही बहुमत लाभले नाही आणि यालमार ब्रांटिंग यांचे सोशल डेमोक्रॅटिक सरकार पायउतार झाले. जिचे आयुष्य आता थोडेच उरले आहे, अशा संसदेच्या आधारावर राज्यशकट हाकण्यास पक्ष उत्सुक नव्हते. तेव्हा राजा पाचवा गुस्ताव प्रशासकांकडे वळला.

पहिला प्रयोग प्रांतपाल लुई दे येर यांचा. कॉफीवरील जकातीच्या प्रश्नावर सरकारचा पराभव झाला आणि अवघ्या चार महिन्यांत ते गेले. त्यांच्या जागी २३ फेब्रुवारी १९२१ रोजी ऑस्कर फॉन सिदोव आले.

फॉन सिदोव यांचा जन्म १८७३ चा. कायद्याचे शिक्षण घेऊन ते सरकारी सेवेत शिरले. १९११ पासून ते उत्तरेकडील नॉरबोटेन प्रांताचे प्रांतपाल होते; १९१७ साली काही महिने मंत्री झाले, आणि त्याच वर्षी गोथेनबर्ग व बोहुस प्रांताचे प्रांतपालपद त्यांच्याकडे आले. संसदेत त्यांचा स्वतःचा असा पक्ष नव्हता. निःपक्षपातीपणा हेच त्यांचे भांडवल.

काळ मात्र सोपा नव्हता. महायुद्धानंतरच्या मंदीने कारखाने बंद पडत होते, बेकारी वाढत होती. ऑलंड बेटांवरील स्वीडनचा दावा राष्ट्रसंघाने १९२१ च्या जूनमध्ये अमान्य करून ती फिनलंडकडेच ठेवली. स्वीडनने निषेध नोंदविला, परंतु निर्णय मानला. त्याच वर्षी शांतताकाळातील देहदंड रद्द झाला.

सप्टेंबर १९२१ मध्ये स्वीडनमधील स्त्रियांनी संसदीय निवडणुकीत प्रथमच मतदान केले, आणि पाच स्त्रिया संसदेत निवडून आल्या. निकालानंतर १३ ऑक्टोबरला फॉन सिदोव यांनी सत्ता ब्रांटिंग यांच्या हाती सोपविली. त्यांचे पंतप्रधानपद आठ महिनेही टिकले नाही.

पुढे ते आपल्या प्रांताच्या कारभाराकडे परतले. १९३४ साली राजदरबारातील सर्वोच्च पद त्यांना मिळाले व १९३६ साली त्यांचे निधन झाले. पक्षाविना सरकार फार काळ चालत नाही, हे त्यांच्या कारकिर्दीने दाखविले; परंतु जुनी व्यवस्था मावळली असताना आणि नवी उगवावयाची असताना सत्ता जपून ठेवणे व वेळ येताच ती बिनतक्रार हवाली करणे, हेही लोकशाहीचेच एक कार्य होय.