कोल्हा, खुराडं आणि राखणदार

खुराड्यात कोल्हा शिरला की वीस कोंबड्या मारतो आणि नेतो एकच. सकाळी हे बघून ब्रिटनमधला कोंबडीपालक बंदुकीकडे वळतो, यात नवल नाही. पण कोल्ह्याला संहाराची हौस नसते. समोर फडफडणाऱ्या कोंबड्यांना पळायला वाट नसली की त्याचं मारणं थांबत नाही. उघड्या रानात पहिलीवर झडप पडताच बाकीच्या पांगल्या असत्या. शिवाय जादा शिकार पुरून ठेवण्याची त्याची सवय. तेव्हा चूक शोधायची तर आधी जाळीत आणि दाराच्या कडीत शोधावी.

मारून कोल्हे कमी होतात का, याचं उत्तर ब्रिटनला एका आपत्तीने दिलं. 2001 साली लाळ्या-खुरकुताच्या साथीमुळे तिथली कुत्र्यांच्या टोळ्यांनी होणारी शिकार जवळपास वर्षभर बंद राहिली. आता कोल्हे माजणार, अशी ओरड झाली. संशोधकांनी मोजणी केली, तर संख्या वाढलेली दिसली नाही. हा निष्कर्ष 2002 मध्ये ‘नेचर’मध्ये छापून आला. कोल्हा हद्द धरून राहतो. एक मेला की मोकळ्या हद्दीत दुसरा तरणा कोल्हा येऊन बसतो आणि शेतकऱ्याची काडतुसं तेवढी संपतात.

कोकरांचा हिशेबही तपासण्यासारखा आहे. शिकारीच्या प्रश्नावर नेमलेल्या बर्न्स समितीच्या 2000 च्या अहवालानुसार, एरवी जगली असती अशा कोकरांपैकी दोन टक्क्यांहूनही कमी कोकरं कोल्हा मारतो. थंडी, उपासमार आणि आईने जवळ न घेणं यांचा वाटा बराच मोठा. त्यामुळे मेंढ्या विण्याच्या दिवसांत पडलेली वार आणि मेलेली कोकरं लगेच उचलणं, जुळी कोकरं पहिले काही दिवस आडोशाला ठेवणं, ही साधी कामं मोलाची ठरतात. वासावर येणाऱ्याला वासच मिळाला नाही, तर तो फिरकतो कशाला?

माझ्या मते सर्वांत बोलकं उदाहरण मात्र ऑस्ट्रेलियातलं आहे. व्हिक्टोरिया राज्यातल्या वॉर्नमबूल गावासमोर मिडल आयलंड नावाचं चिमुकलं बेट आहे. ओहोटीला कोल्हे तिथे चालत जात. तिथल्या शेकडो छोट्या पेंग्विनांपैकी 2005 पर्यंत दहासुद्धा उरले नाहीत. ‘स्वाम्पी’ मार्श या कोंबडीपालकाच्या कोंबड्या मारेम्मा जातीचे कुत्रे राखत. तेच बेटावर ठेवा, असं त्याने सुचवलं आणि 2006 मध्ये ते झालं. ही मूळची इटलीतल्या धनगरांची पांढरी, दांडगी जात. पिल्लू लहानपणापासून कळपातच वाढवतात, त्यामुळे कळप हेच त्याचं कुटुंब होतं. ते कोल्ह्याचा पाठलाग करत बसत नाही. भुंकणं आणि जागोजागी सोडलेला वास यांनीच काम होतं. पेंग्विन पुन्हा शंभरावर गेले. 2017 मध्ये समुद्र खवळल्याने कुत्रे बेटावर नव्हते, तेव्हा कोल्ह्यांनी शंभराहून अधिक पक्षी मारले. राखणीत खंड चालत नाही, ही या उपायाची खरी किंमत.

लुकलुकणाऱ्या दिव्यांचा गाजावाजा बराच होतो. चिलीतल्या पशुपालकांकडे झालेल्या प्रयोगात (2019) या दिव्यांनी प्यूमा दूर राहिला, पण तिथल्या कोल्ह्यावर परिणाम दिसला नाही. मी दिव्यांपेक्षा जाळीवर पैसे घालेन. कोल्हा उकरून आत शिरतो, म्हणून जाळीचा खालचा फूटभर पट्टा बाहेरच्या बाजूला वळवून मातीत दाबायचा. दार अंधार पडायच्या आत बंद. ज्यांना रोज जमत नाही, त्यांच्यासाठी उजेड ओळखून मिटणारी दारं परदेशात मिळतात.

आपल्याकडे कोल्हा काकडीला राजी, उसातही मुक्कामाला. पण 1972 च्या वन्यजीव कायद्याने त्याला आणि माळावरच्या खोकडालाही संरक्षण आहे. फास लावणं किंवा विष घालणं गुन्हा आहे. उरतं ते आपलं झटका मशीन. बॅटरीवर चालणारं हे यंत्र क्षणभराचा ठोका देतं, मारत नाही. घरातली वीज थेट तारेत सोडणं हा निराळाच प्रकार. त्यात रात्री पाणी द्यायला निघालेला माणूसही मरतो. मशीन बसवलं की कोल्ह्यासाठी एक तार जमिनीपासून वीतभरच उंच हवी आणि तिच्याखालचं गवत पावसाळाभर कापत राहावं लागतं. ओलं गवत तारेला टेकलं की झटका जमिनीत उतरतो.