तेलवाहू जहाजाची ओळख व मागोवा
खनिज तेल व त्याचे पदार्थ टाक्यांत भरून नेणाऱ्या जहाजाची ओळख निश्चित करणे व त्याच्या प्रवासाची नोंद ठेवणे. जहाजाचे नाव, मालक व ध्वज हे सर्व बदलू शकतात. त्यामुळे केवळ नावावरून त्याची ओळख पटत नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा सात अंकी क्रमांक महत्त्वाचा ठरतो. १९९६ पासून मोठ्या मालवाहू जहाजांना तो सक्तीचा असून जहाज मोडीत निघेपर्यंत कायम राहतो.

मार्च १९८९ मध्ये अलास्काच्या किनाऱ्याजवळ खडकावर आदळलेले ‘एक्झॉन व्हॅल्डीझ’ हे याचे बोलके उदाहरण होय. सु. ३०० मी. लांब व दोन लाख टनांहून अधिक भारक्षमता असलेल्या या जहाजातून सु. ३७,००० टन तेल समुद्रात सांडले. पुढे त्याची नावे अनेकदा बदलली व त्याचे रूपांतर धातुकवाहू जहाजात झाले. २०१२ मध्ये ते ‘ओरिएंटल नाइसिटी’ या नावाने गुजरातमधील अलंग येथे मोडीसाठी आले, तेव्हाही त्याचा क्रमांक ८४१४५२० हाच होता. अशा क्रमांकाच्या पहिल्या सहा अंकांना अनुक्रमे ७, ६, ५, ४, ३ व २ यांनी गुणून बेरीज केली असता तिचा एककस्थानचा अंक सातव्या अंकाइतका येतो. येथे बेरीज १२० येते व शेवटचा अंक ० आहे. नोंदीतील चूक यावरून ओळखता येते.

जहाजाचा ठावठिकाणा मुख्यतः स्वयंचलित ओळख यंत्रणेने कळतो. २००४ अखेरपर्यंत आंतरराष्ट्रीय प्रवास करणाऱ्या ३०० टन व त्यावरील स्थूल टनभाराच्या जहाजांवर ती सक्तीची झाली. चालत्या जहाजाची ही यंत्रणा दर २ ते १० सेकंदांनी स्थान, वेग व दिशा रेडिओ संदेशाने कळविते. जवळची जहाजे व किनाऱ्यावरील केंद्रे हे संदेश घेतात. खोल समुद्रात ते कृत्रिम उपग्रहांद्वारे मिळतात. जहाज पाण्यात किती खोल बुडाले आहे, हेही त्यांत असते. ही खोली वाढल्यास टाक्या भरल्याचे व कमी झाल्यास त्या रिकाम्या झाल्याचे अनुमान करता येते. मात्र रिकाम्या जहाजात तोल राखण्यासाठी समुद्राचे पाणी भरलेले असते, हे लक्षात घ्यावे लागते.

या माहितीला मर्यादा आहेत. गंतव्य बंदर व बुडालेली खोली यांची नोंद कर्मचारी हाताने करतात, यंत्रणा बंद ठेवता येते आणि खोटे स्थानही कळविता येते. म्हणून संदेश, क्रमांक, बंदरांतील नोंदी व उपग्रहचित्रे यांचा मेळ घातल्यावरच मागोवा विश्वसनीय ठरतो. तेल सांडल्यास जबाबदारी निश्चित करण्याच्या दृष्टीने ही पडताळणी अत्यावश्यक आहे.