अ‍ॅटनबरोंचा मूळपुरुष

नॉटिंगहॅमजवळ ट्रेंट नदीकाठी अ‍ॅटनबरो नावाचं गाव आहे. हे गाव सोडून दुसरीकडे वसलेल्यांना लोक गावाच्या नावानं ओळखू लागले, तेच पुढे आडनाव झालं. आपले चिपळूणकर, राजापूरकर झाले तसंच. ‘गांधी’चे दिग्दर्शक रिचर्ड आणि निसर्गपट करणारे त्यांचे धाकटे बंधू डेव्हिड यांच्यामुळे ते जगाला माहीत झालं, पण इंग्लंडमध्ये ते विरळच.

आजच्या अ‍ॅटनबरोंचा मूळपुरुष एक की अनेक? चर्चची दप्तरं इथे अपुरी पडतात. त्यातल्या बाप्तिस्मा, विवाह आणि दफनाच्या नोंदी १५३८ पासूनच्या, आणि आडनावं त्याच्या बरीच आधीची. पण वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं, आणि इंग्लंडमध्ये आडनावही त्याच वाटेनं जातं. हा धागा धरून लेस्टर विद्यापीठातल्या तुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी ४० ब्रिटिश आडनावांच्या पुरुषांची वाय गुणसूत्रं तपासली. निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. (रिचर्ड आणि डेव्हिड यांचे वडील याच संस्थेचे, ती कॉलेज असतानाचे, प्राचार्य होते.)

‘स्मिथ’ म्हणजे लोहार, आणि लोहार गावोगावी. त्यामुळे स्मिथ मंडळींत सामायिक गुणसूत्र असं काही दिसलंच नाही. अ‍ॅटनबरोंमध्ये मात्र दहातल्या जवळजवळ नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं निघालं. तो प्रकार ब्रिटनमध्ये दुर्मीळ आहे, म्हणून हा योगायोग म्हणता येत नाही.

तरीही हे नाव मुळात एकाच माणसानं लावलं होतं, असं यातून सिद्ध होत नाही, आणि मला यातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो. ज्याला मुलगे झाले नाहीत किंवा ज्याचे मुलगे साथीत गेले, त्याची शाखा तिथेच खुंटली. आडनावं अशी नामशेष कशी होतात, याचं गणित फ्रान्सिस गाल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी १८७० च्या दशकातच मांडलं होतं. नाव लावणारे मोजकेच असले, तर काही शतकांत एखादाच वंश उरू शकतो. अ‍ॅटनबरोंचा मूळपुरुष कदाचित अनेकांतला एक असेल, फक्त त्याच्या मुलांना, नातवांना, पणतवांना मुलगे होत राहिले.

उरलेल्या दहाव्याचं काय? दत्तकविधान, वारशासाठी घेतलेलं आईकडचं नाव, लग्नाबाहेरची संतती, अशा अनेक वाटांनी नाव आणि गुणसूत्र यांची ताटातूट होते. किंग आणि जॉब्लिंग यांच्या अंदाजानुसार हे प्रमाण दर पिढीला पंचविसात एकाहूनही कमी होतं.