वरळीचा किल्ला, खाडीच्या तोंडाशी

वरळी कोळीवाड्याच्या गल्ल्या जिथे संपतात, तिथे भूशिराच्या टोकाला काळ्या दगडाची एक आटोपशीर तटबंदी उभी आहे. रायगड-सिंधुदुर्ग पाहिलेल्या डोळ्यांना ही गढीच वाटेल. पण पायऱ्या चढून तटावर जावं आणि उत्तरेकडे तोंड करून उभं राहावं. समोर माहीमची खाडी, उजव्या हाताला माहीमचा किल्ला, पलीकडे वांद्र्याचं टोक. हा किल्ला समजतो तो इथूनच.

बरेच जण त्याला पोर्तुगीजांचा म्हणतात. प्रत्यक्षात तो इंग्रजांनी १६७५ च्या सुमारास बांधला. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई पोर्तुगीजांकडून इंग्लंडच्या राजाला आंदण मिळाली आणि १६६८ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीकडे आली. वांद्रं ज्या बेटावर आहे ती साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. वांद्र्याचा किल्ला त्यांनी १६४० मध्येच बांधला होता. म्हणजे आज सागरी सेतूवरून गाड्या जे पाणी काही मिनिटांत पार करतात, त्यातून तेव्हा दोन सत्तांची सरहद्द जात होती. शिवाय समुद्रावर चाचे होते, जंजिऱ्याचे सिद्दी होते. त्या सिद्दींच्या याकूत खानाने १६८९ मध्ये मुंबईवर चढाई करून माहीम घेतलंच. येणारं गलबत लांबूनच ओळखायचं, हे वरळीच्या पहाऱ्याचं काम. त्यासाठी उंच बुरुजांपेक्षा मोक्याची जागा महत्त्वाची होती.

पुढे वसईच्या मोहिमेत मराठे साष्टीत उतरले, तेव्हा वांद्र्याचा किल्ला त्यांच्या हाती लागू नये म्हणून इंग्रजांच्या आग्रहावरून तो पाडण्यात आला. वरळीचा टिकला.

आत मारुतीचं मंदिर आहे, विहीर आहे, व्यायामशाळा आहे. पुरातन वास्तूत तालीम कशाला, असं काहींना वाटतं. मला वाटत नाही. ज्या किल्ल्यात गावातली पोरं घाम गाळतात, तो किल्ला गावाचा राहतो, आणि गावाचा राहिला तरच त्याच्याकडे कुणाचं लक्ष राहतं. संरक्षित स्मारकाची डागडुजी जरूर व्हावी; पण कोळीवाड्याला फाटकाबाहेर ठेवून नव्हे. कोळी या बेटावर किल्ल्याच्या आधीपासून आहेत.

पाण्यावरची त्यांची नजर तर अजून तशीच आहे. किनारी रस्ता सागरी सेतूला जोडताना खांबांमधलं अंतर ६० मीटर ठरलं होतं. लाटा आणि वारा एकदम अंगावर आले की तेवढ्यातून होडी काढणं जिवावर बेतेल, असं वरळीचे मच्छीमार सांगत राहिले. त्यांनी काम अडवलं, समुद्रात होड्या उभ्या केल्या. अखेर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारने १२० मीटर अंतर मान्य केलं.