जुन्या संगणकाची परिभाषा

'रजिस्टर' म्हटले की आपल्याला हजेरीचे रजिस्टर आठवते. संगणकातही रजिस्टरे असतात. पण ती अगदी लहान, बहुधा आठ खुणांची. प्रत्येक खूण शून्य किंवा एक असते. तिला बिट म्हणतात. या आठ बिटांतूनच प्रोग्रॅम आणि यंत्र एकमेकांशी बोलतात. ते बोलणे कसे चालते, हे सांगण्याचा येथे प्रयत्न आहे.

या विषयाकडे मी वळलो तो गरजेपोटी. माझ्या मामांनी चांदवडच्या आसपासच्या खेड्यांतून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि १९९२ साली त्या संगणकावर टाइप करून सव्वापाच इंची फ्लॉपीत ठेवल्या. वह्या पुढे वाळवीने खाल्ल्या. राहिली ती फ्लॉपी. एक जुना पीसी मिळाला, पण खराब जागा आली की त्याचे वाचन तिथेच थांबे. पुन्हा पुन्हा प्रयत्न करणारा स्वतःचा ड्रायव्हर, म्हणजे यंत्र हाकणारा प्रोग्रॅम, लिहिणे भाग होते.

आय.बी.एम. कंपनीने १९८१ साली आपला पहिला पीसी आणला, तेव्हा फ्लॉपी चालविण्यासाठी एनईसी कंपनीच्या ७६५ या चिपचा आधार घेतला. पुढच्या पीसींनीही तीच रीत पाळली. तिच्याशी बोलण्याचे मुख्य पत्ते तीन. ते सोळाच्या पटीत मोजतात, म्हणून अंकांत 'एफ'सारखी अक्षरे येतात.

पहिला पत्ता ३एफ२. येथे कोणती फ्लॉपी निवडायची आणि कोणती मोटर फिरवायची ते लिहितात. जुन्या पीसीत हे रजिस्टर फक्त लिहिता येते, वाचता येत नाही; म्हणून आपण काय लिहिले ते ड्रायव्हरनेच ध्यानात ठेवायचे. दुसरा पत्ता ३एफ४. हे चिपचे स्थितिदर्शक रजिस्टर. त्यातला सर्वांत वरचा बिट एक असेल तर चिप देवघेवीस तयार आहे. त्याखालचा बिट सांगतो की आता बोलायची पाळी चिपची की आपली. तिसरा पत्ता ३एफ५. हुकूम आणि उत्तरे येथून जातात-येतात. वाचनाचा एक हुकूम नऊ बाइटांचा असतो आणि प्रत्येक बाइट देण्यापूर्वी ३एफ४कडे पाहावे लागते. उत्तर सात बाइटांचे येते. वाचन शुद्ध झाले की नाही ते त्यात कळते.

प्रोग्रॅम लिहिण्यापूर्वी या प्रत्येक पत्त्याला, बिटाला आणि हुकमाला नाव द्यायचे असते. यालाच रजिस्टरांची व्याख्या करणे म्हणतात. काम कारकुनी वाटते, पण सारे त्यावर अवलंबून आहे. या चिपच्या भाषेत मूळ हुकूम सहा म्हणजे 'वाच' आणि पाच म्हणजे 'लिही'. 'वाच' या नावापुढे चुकून पाच पडला, तर प्रोग्रॅम बिनतक्रार चालेल आणि ओव्यांवर भलतेच लिहून ठेवील. दुसरी प्रत कोठेच नाही! म्हणून मी प्रथम फ्लॉपीच्या कडेच्या खाचेवर चिकटपट्टी लावली. खाच झाकली की यंत्र लिहिण्यास नकार देते. मगच व्याख्या लिहायला बसलो.

अशा फ्लॉपीत ४० ट्रॅक, दोन बाजू, प्रत्येक ट्रॅकवर ९ सेक्टर आणि सेक्टरमध्ये ५१२ बाइट असतात. एकूण ३,६८,६४० बाइट. पण बाइट म्हणजे अक्षर नव्हे. मामांचा मजकूर पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डावर टाइप केलेला होता. त्यातील इस्की संकेताचे भारतीय मानक १९९१ सालचे आहे. त्यात १७९ म्हणजे 'क'. म्हणजे यंत्राच्या कोशानंतर लिपीचाही कोश हवाच.

पेशवे दफ्तरातील मोडी कागद शाबूत आहेत, पण मोडी न जाणणाऱ्याला ते मुके. फ्लॉपीचेही तसेच आहे. बहुतेक सेक्टर वाचून झाले. काहींनी अजून दाद दिलेली नाही. मित्रहो, आपल्या घरी अशी फ्लॉपी असेल तर टाकू नका. खाचेवर पट्टी लावा, कोरड्या जागी ठेवा, आणि आत काय आहे ते वरच्या कागदावर लिहून ठेवा.