बंदुकीच्या गेममध्ये फुटबॉल

१९९८ साली व्हॉल्व्हचा 'हाफ-लाइफ' हा गोळीबाराचा गेम आला. इंजिन मुळात 'क्वेक'चं, त्यात भरपूर बदल केलेले. त्यावर हौशी मंडळींनी 'इंटरनॅशनल ऑनलाइन सॉकर' हा मॉड उभा केला. बंदूक गेली, चेंडू आला. सोपं वाटतं ना? तसं नाही.

गोळी म्हणजे बहुतेकदा नुसती सरळ रेषा. तुमचं नेट मंद असलं, तर सर्व्हर खेळाडूंच्या जागा क्षणभर मागे नेतो, तुम्हाला तेव्हा काय दिसत होतं ते तपासतो आणि नेम ग्राह्य धरतो. चेंडू मात्र एकच, आणि सगळ्यांचा. तुमच्यासाठी तो मागे नेला, तर मधे दुसऱ्याने मारलेली किक पुसली जाणार! म्हणून मंद नेटवाल्याला पायाशी चेंडू दिसतो, पण तो तिथे नसतो.

आपण रावेरला बसलोय, तर कबड्डीचा मॉड करायचा म्हणू. चढाईतला स्पर्श गोळीसारखा तपासता येईल. पकड मात्र चेंडूच्याच जातीची: दोन अंगं एकमेकांना ओढणार, त्यात मागे जाता येत नाही. चढाईवाला पुण्यात, पकडणारा इथे केळीच्या मळ्यात मोबाइल नेटवर. अशा वेळी कोण निसटणार, ते आपण सगळे जाणतोच.