उत्तरेचा युरोप, भिसेगावातून

भिसेगाव कर्जत स्टेशनला खेटून, त्यामुळे लांब जायची हौस इथे पूर्वीपासूनच. लांब म्हणजे किती, एवढंच बदलत गेलं. १९७०च्या आसपास परदेशी जायचं तर परवानगीचा पी फॉर्म लागे आणि हातात जेमतेम ८ डॉलर पडत. युरोप आम्हाला भेटला तो ‘अपूर्वाई’ या प्रवासवर्णनात, त्यातही लंडनच जास्त. स्टॉकहोम, कोपनहेगन ही भूगोलाच्या पुस्तकातली नावं.

१९९१नंतर परकीय चलनाच्या गाठी सैल झाल्या, मराठी टूर कंपन्या फोफावल्या. तरी आधी स्वित्झर्लंड, मग बाकीचं. २००१मध्ये नॉर्डिक देश शेंगेनमध्ये आले आणि एकाच व्हिसावर उत्तरही जमू लागली. हंगाम मे ते ऑगस्टचा. म्हणजे मुंबईकर धबधब्यांसाठी कर्जतला लोटतात, तेव्हा इथली पेन्शनर जोडपी चिवडा-थेपले बांधून मावळायचं नाव न घेणारा सूर्य बघायला निघतात!

त्या सुरुवातीच्या सहलींचं आता हसू येतं. कोपनहेगनची १९१३ सालची मत्स्यकन्या सव्वा मीटरची. तिच्यापुढे फोटो काढला की चला बसमध्ये. बर्गनची ब्रिगेन वस्ती तर काचेतूनच. १७०२च्या आगीनंतर जुन्याच धाटणीने उभारलेली ती लाकडी घरं मधल्या बोळांतून चालल्याशिवाय कळत नाहीत.

स्टॉकहोमच्या वासा जहाजापाशी मात्र कुणाचा पाय निघत नसे. १० ऑगस्ट १६२८ला, पहिल्याच सफरीत, जेमतेम १३०० मीटर जाऊन ते बुडालं. वरचा भार जास्त, तोफांच्या खिडक्या उघड्या. वाऱ्याच्या झोताने कललं आणि पाणी आत शिरलं. बाल्टिकच्या कमी खारट पाण्यात लाकूड पोखरणारा किडा तग धरत नाही, म्हणून १९६१ला ते जवळजवळ अख्खं वर आलं. जहाज बांधवून घेणाऱ्या राजाची फजिती इतक्या मानाने मांडलेली! सोबतचे एक काका म्हणाले, ‘आपण असतो तर चौकशी समिती नेमून विषय मिटवला असता.’

माझा जीव रमला तिथल्याच स्कान्सेन या खुल्या संग्रहालयात. कारखाने वाढले तशी जुनी राहणी जाणार, हे आर्टुर हाजेलियसने वेळेत ओळखलं आणि १८९१ साली स्वीडनभरातली शेतकऱ्यांची घरं, कोठारं टेकडीवर आणून मांडायला घेतली. एका घरात जुन्या वेषातली बाई पातळ भाकरी लाटत होती. आमच्या बायकांनी तिला गराडाच घातला. पीठ कसलं? बार्लीचं. मग पाणी गरम की गार, इथपर्यंत चौकशी. आपल्याकडची कौलारू घरं आमच्या सहलींच्या त्याच वर्षांत बिल्डरकडे जात होती, जाती-उखळं भंगारात.

आता हेलसिंकीत नोकरीला असलेली मुलं आईवडिलांना बोटीने दोन तासांत टालिनला नेतात. तिथल्या दगडी फरसबंदीवर गुडघे बोलतात खरे. पण शिट्टी फुंकणारा टूर मॅनेजर नसतो आणि अख्खी दुपार एकाच संग्रहालयात काढता येते.